विहीर बंद होती म्हणे!

१७ मार्च, बुधवार
कोर्टातून आले ती तणतणतच. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही, पण निघाला. देवा, क्षमा कर. निम्मीच कर, कारण निम्मा अजून पोटात आहे.

कारखान्याचा वकील कसा बोलला! "गावची विहीर तीन वर्षांपूर्वी सील झाली. त्यानंतर कुणी पाणी प्यायलंच नाही. मग सहा वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिसं आलं कुठून? बापाच्या गॅरेजातून!" म्हणजे माझ्या लेकाने, वुकाशिनने, स्वतःच्या नेवेनाला विष घातलं! आणि हे जुन्या बॅटऱ्या वितळवणारे, ज्यांच्या राखेने आमची पत्र्याची छपरं काळी पडली, ते धुतल्या तांदळासारखे!

१९ मार्च
आमच्या वकीलबाई यास्ना घरी आल्या. बिनतेलाचं घेवड्याचं सूप वाढलं. दोनदा मागून घेतलं. पोर अगदी वाळलीय.

म्हणाल्या, "काकू, राखेचं ते नाकारतात. विहिरीच्या पाण्यात शिसं असल्याचा अहवाल आपल्या हातात आहे. मला फक्त एक माणूस हवा. सील लागल्यावर त्या विहिरीचं पाणी नेवेनाला दिलं, असं शपथेवर सांगणारा."

सून स्लाविका फणकारली, "माझ्या घरात? दातसुद्धा टँकरच्या पाण्याने घासते ती!"

"मग केस बुडाली, ताई."

वुकाशिन उठून गॅरेजात गेला. जेवला नाही.

२० मार्च
नेवेनाला कालची अक्षरं आज आठवेनात. माझ्यावरच रुसली, "आजी, तू बदललीस ती!"

२१ मार्च, रविवार
प्रार्थना संपल्यावर फादर गाव्रिलोंना गाठलं. "फादर, जानेवारीतल्या सणाला जे तीर्थ करता, त्याचं पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आजोबांच्या काळापासून जिथलं, तिथलंच! सरपंच त्या दिवसापुरतं विहिरीचं झाकण काढून देतात."

"सील असताना?"

"बाई, क्रूस बुडवला, मंत्र म्हटले. तीर्थ कधी नासतं का?"

नासत नाही, फादर. माझ्याकडच्या बाटल्यांना वर्षभरात वास येत नाही, शेवाळ धरत नाही. पण शिशाला कुठे वास असतो!  

आणि मग आठवलं. सणाला कारखान्याचा मॅनेजर पहिल्या रांगेत होता. मेणबत्ती हातात, क्रूसाचं चुंबनही घेतलं. सगळं गाव बाटल्या भरत होतं. तो रिकाम्या हाताने मोटारीत बसला. आम्ही हसलो होतो — "साहेब बाटली विसरले!" विसरला नव्हता मेला! त्याला माहीत होतं. झाकण निघताना बघत उभा राहिला, आणि आता त्याचाच वकील म्हणतो, विहीर बंद होती!

२२ मार्च
यास्नाबाईंना फोन केला. माणूस सापडला म्हटलं.

तीन वर्षं, रोज सकाळी, अनशापोटी, एक छोटा कप तीर्थ, माझ्याच हाताने. पोरीच्या अंगात बळ यावं म्हणून, स्लाविका कामावर गेल्यावर. डॉक्टरांनी शिसं सांगितलं तेव्हापासून एकाचे दोन कप केले.

कोर्टात सांगेन, भीती नाही. स्लाविका पाचला घरी येते. आधी तिला सांगायचंय.