बैठकीच्या खोलीतली बोट

प्रिय ताई,

स्वच्छ धुतलेल्या हातांनी नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि बेटावर अजून एकही रुग्ण नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक आहेत, निदान सकाळी आठला ताप मोजला तेव्हा तरी होते. (पुढचं मोजमाप बाराला. तोवर काही सांगता येत नाही.)

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस गॅलरीत वाळवून मग उघडलं. अप्पांना घेऊन ये, इथे मोकळी हवा आहे, येत्या शनिवारची बोट शेवटची, पुढच्या कधी सुरू होतील देव जाणे, असं तू सहज लिहून गेलीस. तुला लिहायला काय जातं! अप्पा त्र्याऐंशीचे. आणलं आणि बोटीत साथीने गाठलं, तर त्यांना मी मारलं. नाही आणलं आणि तुमची भेट पुन्हा झालीच नाही, तर तेही माझ्याच डोक्यावर. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये सहा तासांचा समुद्र. पत्र वाचलं आणि वही काढून दोन्ही बाजूंचे धोके मांडत बसलो. अप्पांनी मात्र त्याच दुपारी बॅग भरली.

आता मी पडलो कारखान्यातला सुरक्षा अधिकारी. तालीम घेतल्याशिवाय मी काहीच ठरवत नाही. (बावीस वर्षांत आमच्याकडे आग एकदाही लागली नाही. तालमींत मात्र तिघांचे पाय मोडले, पण ते अहवालात वेगळ्या मथळ्याखाली आहे.) म्हणून काल, रविवारी, बैठकीच्या खोलीत बोटीची तालीम ठेवली. खिडक्या बंद, कारण बोटीच्या उघडत नाहीत. खुर्च्या रांगेत. खिडकीशी अप्पा, शेजारी मी, आणि उरलेले चाळीस प्रवासी म्हणजे तुझी भावजय. सहा तास मास्क काढायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, आणि दर वीस मिनिटांनी माझ्या शिट्टीवर सॅनिटायझर.

तुझ्या भावजयीने जीव ओतून काम केलं. कधी ती खोकणारा म्हातारा झाली, कधी मास्क हनुवटीवर ओढून मोबाइलवर ओरडणारा व्यापारी, तर कधी अप्पांच्या मांडीवर पिशवी ठेवून "जरा धरा हो" म्हणणारी बाई. (लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ही कला इतके दिवस कुठे दडवली होती कोण जाणे.) तिसऱ्यांदा खोकली तेव्हा मी खराच घाबरलो आणि ओरडलो, "लांब व्हा!" त्यावर ती म्हणाली, "फुकट नाही बसले, तिकीट काढलंय मी." पुढचा अर्धा तास आमचं बोलणं बंद होतं. तो वेळ मी प्रवासातच धरला.

पहिले दोन तास अप्पा शहाण्यासारखे बसले. मग मधला धक्का आला. तिथे बोट बदलावी लागते, म्हणून मी दोन्ही बॅगा घेऊन तीन जिने उतरलो आणि पुन्हा चढलो. थोडी धाप लागली, वयच आहे. येऊन बसतो तर काय, अप्पांचा मास्क खाली! मी वर चढवला, त्यांनी पुन्हा खाली ओढला. कान खाजतो, चष्म्यावर वाफ येते, जीव कोंडतो, गाणं म्हणावंसं वाटतं. अकरा वेळा, ताई! लिहून ठेवलंय. शेवटी तर त्यांनी मास्कने खिडकीची काच पुसली. मला हसू येत होतं आणि तरी मी खुर्ची गच्च धरून बसलो होतो, कारण खोली दिसेनाशी होऊन मला खरी बोट दिसायला लागली होती. साडेतीन तासांवर तालीम थांबवली आणि अहवालात शेरा मारला, नापास.

तेव्हा आम्ही येत नाही. निर्णय पूर्णपणे शास्त्रीय आहे. रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. बॅग पलंगाशेजारी तशीच उभी आहे आणि माझी जीभ रेटत नाही. पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल. शुक्रवारी तूच फोन कर आणि सांग की घराचं काम काढलंय, राहायला जागा नाही. तुझं ऐकतील, माझ्याशी मात्र बोलणं सोडतील. (हे फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात भिंतींना नसतील एवढे कान अप्पांना आहेत.) खरं तर एवढ्यासाठीच पत्र, बाकी सगळं पाल्हाळ.

आणखी ता. क. अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट चिकटवून पेटीत टाकायचं काम या घरात माझ्याकडे आहे. पोरी, मास्क मी मुद्दाम काढत होतो. बॅग खोटी नव्हती, यायचं फार मनात होतं. पण तीन जिने चढून आला तेव्हा हा दाराला टेकून उभा राहिला, ओठ पांढरेफटक. याची साखर तीनशेच्या वर आहे, तुला सांगणार नाही. मला तुझ्याकडे सोडून त्याच बोटीने हा असा एकटा परत निघाला असता आणि मग बोटी बंद, ते तुम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी तिथे मोकळ्या हवेत बसून काय करू? त्याने सांगितलंय तसा फोन कर. मी रागावल्यासारखं करीन, दोन दिवस अबोलाही धरीन, नाहीतर त्याला संशय यायचा. फक्त फोन लगेच ठेवू नकोस. जागा नाही, हे मला जरा सावकाश सांग.