तरणतलावाबाबत खुलासा हवा

प्रिय (सध्या तरी) अहो,

काल, सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता इथे तिच्या घरी तुमची लेक चहा ओतता ओतता म्हणाली, "आई, मी विमानांच्या इंजिनांची कंपनी सोडली. आता समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरी. बाबांना माहितीये." म्हणजे फक्त मीच परकी!

"इंजिन तेच गं, फक्त आता उडत नाही, पाइपातून गॅस ढकलतं," म्हणे. मी म्हटलं, "आणि तू उडणार?" कारण कामावर हेलिकॉप्टरने जायचंय.

ती मजेत आहे, नीट जेवते. तुम्ही गोळ्या घेताय ना?

परवा, गुरुवारी, तिला खुर्चीला बांधून हेलिकॉप्टरच्या सांगाड्यासकट पाण्यात उलटं करणार आहेत, हेलिकॉप्टर समुद्रात बुडाल्यास बाहेर कसं यायचं ते शिकवायला. "पोहता येतं" असं तिने बिनदिक्कत लिहून दिलंय.

लहानपणी दर रविवारी तुम्ही तिला तरणतलावावर नेत होतात. केस ओले असायचे, पण ओठांना आइस्क्रीमही असायचं. ती खरंच पोहायला शिकली, की नळाखाली डोकं भिजवून आणत होतात? तिला विचारलं तर तुमच्यासारखीच हसते.

उद्या रात्री आठच्या आत ईमेलने लेखी उत्तर हवं. फोनवर तुम्ही वेळ मारून नेता. तोवर तिचं ओळखपत्र, ज्याशिवाय तिला पाण्यात उतरवणार नाहीत, माझ्या बॅगेत कुलपात आहे.

रागावलेली,
तुमचीच