नी कुठे बसवायचा

रविवार, ता. ९ जाने. १९८३. सकाळी १०.४०
गॅलरीत चटईवर बसून गिटारच्या खुंट्या मोजत होतो. सहा. पुन्हा मोजल्या, सहाच. तारा पण सहा, सूर सात. सातवी असायची जागा कुठे दिसत नाही. भोकही नाही.
गिटार हिराजीदादांची. ते आमच्याच कारखान्यात स्टोअरला असतात, राहणारे पावणे गावचे. हळदीला, लग्नाला ऑर्केस्ट्रात वाजवतात. काल स्वतः वाशीला ताईच्या घरी, मी राहतो तिथे, आणून दिली. "डाक्टर चेंडू दाबाय सांगतो, तू दाबत नाय. हिच्या तारा दाब, बोटां वलतीन." सूर लावून घे म्हणाले आणि बस पकडायला गेले. कसे लावायचे ते विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारायची लाज वाटली.
डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका नोव्हेंबरात प्रेसखाली आली. हाड जुळलं, टाके निघाले, पण वळत नाहीत. आजपासून रोज स्टीलच्या पट्टीने मोजायचं. बोटाचं टोक ते तळवा, मिलिमीटरमध्ये.
म. ३४. अ. ४१.
सोम. १४ मार्चला सुपरवायझर दळवीसाहेब हात बघणार. डाव्या हाताने बारीक वॉशर उचलायचा, बोल्टवर चढवायचा, नट फिरवायचा. जमलं तर परत मशीनवर. नाही तर हिशेब करून मोकळं करतील. गावी आईला अजून कळवलेलं नाही.

मंगळ. ११ जाने.
ताईच्या भजनी मंडळाची पेटी आमच्याकडेच असते. तिच्यावरून सूर लावले. सगळ्यात जाड तारेला सा, मग ओळीने रे ग म प, बारीक तारेला ध. जाड तार ताणताना डोळे मिटून घेतले. तुटली नाही. बारीक तारा मात्र फार सैल कराव्या लागल्या, फडफडतात.
नी उरला.
ताई भाकऱ्या थापत होती. "सहा सुरांत कुठलं भजन बसतं रे? सातवा काय भाड्याने आणायचा?"
जेवताना तोच विचार.
म. ३४. अ. ४१.

गुरु. १३ जाने.
नी सापडला. दांडीवर आडव्या पट्ट्या आहेत, त्यांच्यामधली घरं. ध च्या तारेवर दुसऱ्या घरात तर्जनीने दाबलं की नी. तिसऱ्या घरात वरचा सा. तर्जनी शाबूत आहे. फार हलकं वाटलं.
'गिटार' ऱ्हस्व की दीर्घ? शाळेच्या शब्दकोशात नाही. ऱ्हस्व लिहितो.

रवि. २३ जाने.
ताईचं भजन पूर्ण वाजवलं. उजव्या अंगठ्याने तारा छेडायच्या, नी आला की तर्जनी. दाजींनी पेपर खाली केला, म्हणाले, "ओळखू येतंय." ताई दोन ओळी बरोबर म्हणाली.
म. ३४. अ. ४१.
पट्टी चुकीची असेल म्हणून दाजींच्या लाकडी पट्टीने मोजलं. तेच.

शुक्र. २८ जाने.
विम्याचा दवाखाना. दीड तास रांग. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली.
"व्यायाम करतोस?"
"रोज दोन तास. गिटार वाजवतो."
त्यांनी माझी बोटं उजेडात धरली. "घट्टा फक्त या बोटाला कसा?" तर्जनीला. मी तर्जनी वळवून बघतोय तोवर त्यांनी दुसऱ्याला आत बोलावलं.

रवि. ३० जाने.
हिराजीदादा आले. वाजव म्हणाले. भजन वाजवलं. ते ऐकत राहिले, मग गिटार हातात घेऊन सहाही तारा एकेक छेडल्या. सा रे ग म प ध. हसायला लागले ते थांबेनात. ताई बाहेर आली.
"आरं बाबा, ही काय पेटी हाय? कोनी सांगितला असा लावायला?"
"कोणी नाही. तारा सहा, म्हणून..."
"मंग नी कुठं ठेवलास? खिशान?"
गिटारीत सा ते नी ओळीने लावतच नाहीत म्हणे. तारा दूर दूर सुरांना लावायच्या, मधले सूर बोटाने दाबून काढायचे. मी सगळे सूर मोकळ्या तारांवर ठेवले, म्हणून दाबायला काही उरलंच नाही. मधलं आणि अनामिका तीन आठवडे नुसती बसून होती. एकवीस दिवस.
मी ती दोन बोटं उजव्या हाताने चोळत बसलो. दादांनी हसणं थांबवलं. सगळ्या तारा कानाने लावून दिल्या. बारीक तारा कडक झाल्या, आवाज एकदम दुसऱ्याच वाद्याचा.
"आता ही पयली पकड." ऑर्केस्ट्रावाले बोटांच्या जागेला पकड म्हणतात. दुसऱ्या घरात, शेजारशेजारच्या दोन तारांवर दोन बोटं. मधलं आणि अनामिका. "जी तुझी वलत नाय तीच लागतान. तर्जनीला कामच नाय हिथं."
दाबलं. खट्ट असा लाकडाचा आवाज आला. सूर नाही.
ते गेल्यावर ताई म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. भजन खरंच छान झालं होतं."

मंगळ. १ फेब्रु.
तर्जनी मधेमधे पुढे येते. तिला हातरुमालाने बांधलं. दाजी म्हणाले, "आता तिला पण लागलं का?"
अनामिकेतून कोपरापर्यंत कळ जाते. दहा मिनिटं झाली की थांबायचं, पाण्यात हात, परत दहा. दिवसातून नऊ वेळा.
म. ३३. अ. ४१.
एक मिमी कदाचित मोजण्यातली चूक.

शनि. ५ फेब्रु.
चूक नव्हती. म. ३१.

शनि. १२ फेब्रु.
म. २२. अ. ३३. मधल्या बोटाखालची तार पहिल्यांदा नीट वाजली. अनामिकेखालची खट्टच.
खुंटी उगाच पिळली, बारीक तार तुटली. फटका गालावर. दादांना कसं सांगावं या विचारात दुपार गेली. संध्याकाळी पावण्याला गेलो, सांगितलं. ते अंगणात जाळं सांधत बसले होते. "तुटली? म्हंजे वाजवतोस." आतून नवा संच आणून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "सवडीनं दे. चहा घे आदी."
परत येताना बसमध्ये उगाच हसू येत होतं.

रवि. २७ फेब्रु.
पहिली पकड वाजली. दोन्ही बोटं, सहाही तारा. ११.१५ ला. ताईला हाक मारली. ती येईपर्यंत अनामिका सुटली. ती म्हणाली, "ऐकलं मी आतून. झालं होतं."
म. ११. अ. २१.

बुध. ९ मार्च
दुसरी पकड, तीन बोटं. दोन पकडींमध्ये बोटं हलवायला मला घड्याळाने चार सेकंद लागतात. तेवढ्यात गाणं पुढे निघून जाईल असं दादा म्हणतात.
शर्टाची बटणं आज डाव्या हाताने लावली. सगळी. कॉलरचं सोडून.

रवि. १३ मार्च
म. टेकलं. अ. ९.
ताईने तांदूळ ताटात पसरले, "एकेक उचल." अनामिका आणि अंगठ्यात धरून साठ दाणे उचलले, पडले अकरा. दाजी म्हणाले वॉशर तांदळापेक्षा मोठा असतो. मोठा असतो हे बरोबर आहे, पण तांदूळ बोटाला चिकटतो, वॉशर चिकटत नाही. हे त्यांना सांगितलं नाही.

सोम. १४ मार्च
९.२० ला केबिन. दळवीसाहेबांनी टेबलावर दहा वॉशर टाकले, बोल्ट ठेवला. पहिलाच वॉशर हातून सुटून टेबलाखाली गेला. खाली वाकून तो डाव्या हातानेच उचलला. का ते माहीत नाही, उजवा हात पाठीमागे धरला होता. बाकीचे नऊ सरळ गेले. नट फिरवला, शेवटपर्यंत.
साहेबांनी माझ्या बोटांची टोकं पाहिली. "हे काय झालंय?"
"तारांचे घट्टे, साहेब. गिटार."
"गिटार," असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "प्रेसवर नाही. ड्रिलिंगला. उद्यापासून एक महिना बघू. मग पत्र."
बाहेर पाण्याच्या टाकीशी येऊन उभा राहिलो. स्टोअरच्या खिडकीतून हिराजीदादांनी भुवया उडवल्या. मी हात वर करून मूठ वळली. पूर्ण वळत नाही, पण लांबून त्यांना वळलेली दिसली असणार.

मंगळ. १५ मार्च
ड्रिलिंग. आठ तास. हात सुजला, पण चालला.
सुट्टीनंतर गिटार परत कधी आणू विचारलं. दादा म्हणाले, "ठेव. मे मयन्यान पुतन्याची हळद हाय. दुसरा गिटारवाला दुबईला गेला. तीन पकडी तर लागतान, येशील?"
"चार सेकंद लागतात, दादा."
"हळदीन कोन घड्याल बघतो?"
बघू म्हणालो.
आईला पत्र लिहिलं. बोटांचं सगळं, आणि आता बरं आहे हेही. गिटारचं लिहिलं नाही, तिला ते आधी समजावून सांगावं लागेल.

खर्च. विम्याच्या दवाखान्याला जाऊनयेऊन बस, रु. ४.८०. पावणे, रु. १.६०. हातरुमाल एक, फाटला.
देणं. हिराजीदादांचे तारांचे रु. १४, पगार झाला की. पकड बदलतानाचे जादा तीन सेकंद. अनामिका, ८ मिमी.