छत्तीस ठिपके

१२ मे, सोमवार

झाला शाफ्ट! माझा!

साडेतीन फूट लांब, बेअरिंगच्या जागी साठ मिलिमीटर. ओमप्रकाशजींच्या दालमिलमधल्या मोठ्या रोलरचा. साखरेच्या आजारानं बाबांच्या डोळ्यांचे पडदे गेले, दिसेनासं झालं, तेव्हापासून लोखंड कातायचा लेथ मीच चालवते, पण बाबा शेजारी उभे असायचे. या वेळी ते सकाळीच म्हणाले, "मी आत येत नाई. तुया तू कर." आणि बाहेर कडुनिंबाखाली बाजेवर जाऊन बसले.

दुपारी कापताना लोखंड गार ठेवणाऱ्या साबणाच्या पाण्याचा पंप अडकला. उघडून साफ करायला तासभर गेला असता. मी थांबले नाही, शेवटचा कट कोरडाच मारला. शाफ्टला हात लावला तर चटका बसला. तसाच मायक्रोमीटर लावला – माप अगदी बरोबर! पत्र्याच्या शेडमध्ये पंचेचाळीस डिग्री, घामानं डोळे चुरचुरतायत, आणि मी एकटीच हसतेय.

एक नोंद हवी. परतवाड्याहून एक जण विकत घ्यायला लेथ बघून गेलाय. बाबा त्याला म्हणाले, "हा शाफ्ट होऊ द्या, मंग सांगतो." म्हणजे या शाफ्टवर सगळं आहे. अमरावतीला आयटीआय करताना वर्गात मी एकटी मुलगी होते. लेथ गेला तर मी काय करू? कुणाच्या तरी दुकानात बिलं फाडू?

१३ मे, मंगळवार

सकाळी बेअरिंग चढवायला घेतलं. ते ठोकून बसवावं लागतं, इतकं घट्ट हवं. ते आपोआप सरकत गेलं. बांगडी सरकावी तसं.

परत मोजलं. मिलिमीटरचे तीन शतांश कमी. अर्ध्या केसाएवढं. रात्रीतून लोखंड गार झालं आणि आकसलं. बाबा मला लहानपणापासून सांगत आलेत – "तापलेलं लोखंड खोटं बोलते, पोरी. गार होऊ दे, मंगच मोज." दहा वर्षांची असताना मला हे पाठ होतं! काल कुठे गेलं होतं?

ओमप्रकाशजींचा फोन, दुपारी फिटर येतोय. नवा लोखंडी बार आणून पुन्हा करायला दोन दिवस. आणि बाबांना सांगावं लागणार.

नाही सांगितलं.

बाबा बाजेवर घोरायला लागेपर्यंत मी थांबले. मग टोकदार पंच आणि हातोडी घेतली, आणि बेअरिंगच्या जागेवर गोल फिरून ठिपके मारले, एका ठोक्याला एक. छत्तीस. प्रत्येक ठिपक्याभोवती लोखंड थोडं वर उचलतं, बेअरिंग घट्ट बसतं. आणि एकदा बसलं की खालचं कुणाला दिसत नाही. थोडे दिवस चालतं. मग ठिपके घासून सपाट होतात आणि बेअरिंग शाफ्टवर फिरायला लागतं. ज्या ज्या वर्कशॉपमध्ये असं करतात त्यांना बाबा शिव्या घालतात.

तेवढ्यावर भागलं नाही. शाफ्टच्या टोकावर आमच्याकडे अक्षर मारतात. तुटलेल्या टूलच्या तुकड्यावर बाबांनी हातानं कोरलेला 'कि'. अकोल्यातल्या निम्म्या दालमिलवाल्यांना तो माहीत आहे. माझ्यासाठी त्यांनी दिवाळीत 'र' करून ठेवलाय, ड्रॉवरमध्ये पडून आहे. आज तो मारायचा होता. पण ओमप्रकाशजी परवा म्हणाले होते ना, "किसनराव, तुमच्या हातचा समजून घेऊन राहिलो, बरं का." मी त्याच हातोडीनं 'कि' मारला. एकच ठोका.

सागर फिटर येऊन घेऊन गेला. "वा, बेअरिंग मस्त बसलं," म्हणाला.

१४ मे

मिल सुरू झाली. काही फोन नाही.

बाबा आजपासून सकाळी फिरायला जायला लागलेत. छत्री काठीसारखी टेकत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. दोन वर्षं सांगून सांगून डॉक्टर थकले होते!

१६ मे

वर्कशॉपच्या दाराआड नवा बार उभा आहे. साठच्या शाफ्टला लागतो तेवढाच जाड. कुणी मागवला? बाबांना विचारलं, तर म्हणाले, "असू दे, लागते कवा कवा."

चोराच्या मनात चांदणं! फोन वाजला की आधी नंबर बघते. आज दर्यापूरच्या एका शेतकऱ्याच्या मळणीयंत्राची पुली केली. तीनदा मोजली. गार झाल्यावर चौथ्यांदा.

१९ मे

बाबा फिरून आले तेव्हा सदऱ्यावर पिवळी धूळ. आई ओरडली, "कुठं लोळून आले हो?" बाबा म्हणाले, "हवा सुटली होती." अकोल्यात मे महिन्यात हवा सुटते तर काळी माती उडते. पण मी जास्त विचार केला नाही. मला माझंच पुरे झालंय.

ठिपके किती दिवस टिकतील? महिना? दोन? मला आठवतंय, कापसाच्या एका जिनिंगमध्ये असंच बेअरिंग फिरलं, शाफ्ट तुटला, आणि पट्टा सुटून तिथल्या माणसाच्या तोंडावर बसला. बाबांनीच ती गोष्ट सांगितली होती. ओमप्रकाशजींच्या मिलमध्ये त्या रोलरशेजारी पार्वताबाई बसते, डाळीच्या चुनी-भुशीची पोती भरते. तिची बसायची जागा मी पाहिली आहे. हातभर अंतरावर.

२१ मे

झोप नाही. जेवण नाही. आई विचारते, "काहून वं, कोनाशी भांडली?" काय सांगू!

लेथ जावा तर जावा. उद्या सांगते. लिहून ठेवतेय म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२२ मे, गुरुवार

सांगितलं.

बाबा नुकतेच फिरून आले होते, पाय धूत होते. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "बाबा, तो शाफ्ट मी गरम मोजला. सैल झाला. मी पंच मारला. छत्तीस ठिपके. तुम्ही झोपला होता तेव्हा." आणि मग रडले. लेथवर काम करणारी बाई, लहान पोरीसारखी न्हाणीच्या दारात रडते!

बाबांनी टॉवेलनं पाय पुसले, एकेक बोट. मग, "दाराआडचा बार घे. सकायी पाचले लाव, थंड्यात. पंप आधी साफ करजो."

एवढंच. शिवी नाही, काही नाही.

मग त्यांनी माझ्याकडूनच परतवाड्याचा नंबर लावून घेतला. मी मोबाइल त्यांच्या कानाला लावून उभी. "नाई देत लेथ," बाबा म्हणाले. "पोरीले लागते." समोरचा काहीतरी बोलत होता, बाबांनी ऐकून घेतलं नाही.

मला कळत नाही. काम नीट झालं असतं तर लेथ राहणार होता. बिघडवून ठेवलं आणि राहिला?

२३ मे, शुक्रवार

पहाटे पाचला सुरू केलं, आठला शेवटचा कट. पंपाचं पाणी धो धो. गार व्हायला ठेवलं आणि दोन तास नुसती बसून राहिले, मायक्रोमीटरला हात लावला नाही. दहाला मोजलं – बरोबर. बेअरिंग ठोकून ठोकून बसलं, काय गोड आवाज! टोकावर 'र' मारला. अक्षर जरा तिरकं आलंय. राहू दे.

बाबांना म्हटलं, चला. तर म्हणाले, "मी नाई येत. तुयं काम हाय. ओमप्रकाशले तूच सांग."

सांगितलं. ओमप्रकाशजींनी हातातली वही मिटली. मग, "बेटा, आधी बदल. मंग बोलू." सागरनं मिल बंद केली.

रोलरजवळ पोती रचलेली, त्यांच्या मागे बेअरिंगला अगदी लागून एक लाकडी स्टूल. त्याच्यावर तुरीच्या डाळीची पिवळी धूळ, मधे बसल्याची गोल खूण. मी म्हटलं, "हे काढा इथून, वाकता येत नाही." सागर म्हणाला, "किसनरावांचा हाय. आज नाई आले ते? मांगच्या हप्त्यातल्या बुधवारपासून रोज येतेत. बेअरिंगवर हात ठेऊन बसतेत, आयकतेत. मले सांगून ठेवलं, मी हात वर केला का बटन बंद करजो. काहून, ते नाई सांगत. पार्वताबाईले पन त्यायनंच तिकडं दाराजवळ बसवलं."

मी त्या स्टुलावर बसले. बंद बेअरिंगवर हात ठेवला.

२३ मे, संध्याकाळ

जुना शाफ्ट घरी आणला. बाबांनी बेअरिंग काढायला लावलं, आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत गेले.

"किती म्हटले होते तू?"

"छत्तीस."

"मी सदतीस आयकले," बाबा म्हणाले. मग बोट शाफ्टच्या टोकावर नेलं, आपल्या 'कि'वर, आणि तिथेच ठेवलं.