दोन वाजताचं गिऱ्हाईक

ता. ३ मार्च

चि. चिमणीस मावशीचे ओंजळभर आशीर्वाद.

जावईबापूंचा खोकला गेला का? तुझ्या सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो? आणि तुमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, ते भिंगकाका, त्यांचं पित्त नि त्यांचा राग, दोन्ही ताळ्यावर आहेत ना? मी ठणठणीत. शिवणयंत्र चालू आहे. सुईत दोरा ओवायला तेवढी शेजारणीला हाक मारते, त्या निमित्ताने गप्पा होतात.

आता तुझी हजेरी. मागच्या पत्रात तू लिहिलंस, ‘ह्यांना आता जरा’, आणि तिथून जी शाईची रेघ निघाली ती थेट कागदाच्या कडेवरून खाली गेली. पुढे सही नाही, काही नाही. पाकिटात मात्र इमानेइतबारे घातलंस. चिमणे, लिहिता लिहिता माणूस झोपतं ते एक तर परीक्षेच्या दिवसांत, नाहीतर दुसऱ्या एका कारणानं. परीक्षेचं तुझं वय सरलं. मी चौथीत शाळा सोडली खरी, पण एवढं गणित मला येतं. खरं काय ते कळव, आणि या वेळी शेवटपर्यंत जागी राहून.

तुझी,
मावशी

ता. १० मार्च

ती. मावशीस जांभईसहित साष्टांग नमस्कार.

पकडलंस. आठवा आठवडा चालू आहे. घरात दोघांनाच ठाऊक. सासूबाई गुडघा विसरून माझ्यामागे दुधाचा पेला घेऊन धावतात, आणि हे मला झोप लागली की नाही ते बघायला दर दहा मिनिटांनी उठवतात.

पण मावशी, गंमत बाजूला ठेव. सकाळी मी घोड्यासारखी काम करते, आणि दोन वाजले की कुणीतरी अंगातली वात काढून घेतल्यासारखी विझते. डोळे तपासायची आमची खोली अंधारी, त्यात पंख्याचा मऊ गार वारा. परवा एका गृहस्थांना समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मला जाग आली तेव्हा ते तिसऱ्यांदा वाचत होते आणि पास झालो का म्हणून विचारत होते. सगळं पुन्हा तपासलं म्हणून निभावलं. झोपेत कुणाला चुकीचा नंबर दिला असता तर?

मालकांना सांगावं, तर ते आणखी एक नवं दुकान काढताहेत, आणि ते कुणाकडे द्यायचं हे महिनाअखेर ठरवणार. सहा वर्षं मी अशा संधीवर नजर ठेवून आहे. त्यांचा मेहुणाही टपलेला आहे. कळलं तर ते काळजीच्या नावाखाली मला घरी बसवतील. सांग, काय करू?

तुझी,
चिमणी

ता. १४ मार्च

चि. चिमणीस आणि आतल्या पाहुण्यास आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की तोंडातल्या टाचण्या सांडल्या. अगं, तुझ्या मावसभावाच्या वेळी मी कापड बेतता बेतता टेबलावरच आडवी झाले, आणि उठून एका साहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तो कोट अजून माझ्या कपाटात आहे. साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

आधी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन रक्त तपासून घे. या दिवसांत थकवा यायचाच, पण अंगात रक्त कमी असेल तर तेही कळायला हवं. पोट रिकामं ठेवू नकोस, खिशात दाणे-बिस्किटं ठेव. घरी भांडी राहिली तर राहू देत, ती पळून जात नाहीत. तिसरा महिना सरला की बहुतेकींना हुशारी येते. आणि मालकांना सांग. दुसऱ्याकडून कळण्याआधी तूच सांग.

तोवर दोन वाजताची काळजी सोड. माझ्या शिवणवर्गातल्या मैत्रिणी तुमच्याच गावात आहेत. सगळ्यांची वयं झाली, डोळे तपासायलाच हवेत. योगायोग असा की प्रत्येकीला दोनचीच वेळ सोयीची आहे.

तुझी,
साळसूद मावशी

ता. २ एप्रिल

ती. साळसूद मावशीस नमस्कार.

योगायोग म्हणे! दोन आठवड्यांत नऊ आजीबाई. प्रत्येकीची नजर घारीची, आणि प्रत्येकीचं एकच पालुपद, की बाळ, मी फार सावकाश वाचते, तू टेक जरा. दुसऱ्याच दिवशी मला तुझ्या डावाचा वास आला. तरी टेकले, खोटं का बोलू? पंचवीस मिनिटांत नवा जन्म होतो. मालक खूश, म्हाताऱ्या माणसांत माझं फार नाव झालंय म्हणून मेहुण्याला ऐकवत होते.

परवा तुझी ती बारीक आवाजाची मैत्रीण आली. बाहेर संशय नको म्हणून तिने तीच अक्षरं गाण्यासारखी पुन्हा पुन्हा म्हटली. एवढा वेळ काय चाललंय म्हणून मालक आत आले. तिने गाणं न थांबवता ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना खुर्ची दाखवली. मला जाग आली तेव्हा शेजारच्या खुर्चीत मालक घोरत होते.

ते उठल्यावर मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, चाळीस वर्षं लोकांचे डोळे बघतोय, तुझे दिसले नसतील होय? मी सांगायची ते वाट बघत होते, एवढाच त्यांचा राग. नवं दुकान माझंच. मी रजेवर असेन तेव्हा मेहुणा सांभाळेल आणि परत करेल, तसं त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलंय. दोन ते अडीच ती खोली माझी. अट एकच, खोट्या आजीबाई बंद.

पण एक खरी हवी आहे. तुझी संक्रांतीपासूनची तिन्ही पत्रं मी ओळीने ठेवली. पहिल्यात अक्षरं मोहरीएवढी, तिसऱ्यात चण्याएवढी, आणि ओळी डोंगर चढताहेत. वर दोऱ्यासाठी शेजारीण. चौथीत शिकलेलं गणित मलाही येतं, मावशी. येत्या मंगळवारी दोनची वेळ तुझ्या नावाने लिहिली आहे. मी जागी राहीन.

तुझी,
चिमणी

ता. ५ एप्रिल

चि. चिमणीस आशीर्वाद.

चोरावर मोर निघालीस. शेजारणीला म्हटलं, ही पोर माझ्यावर गेली, तर ती म्हणाली, सुई इकडे द्या.

येते मंगळवारी. सोबत तो दोन डाव्या बाह्यांचा कोट आणतेय. उसवून पाहुण्यासाठी दुपटं करीन, पण आधी मला नीट दिसू दे. मायेची ऊब अशीच राहू दे. उत्तर लवकर धाड, आणि अक्षरं जरा मोठी काढ.

तुझी,
मावशी