पंख्यावरचं कापड

जालना, वैशाख वद्य चतुर्थी, १९५६. संध्याकाळ.

डोकं पिकवलं या पंख्यानं! डॉक्टरांनी बाबूजींना दुपारी झोप सांगितली, म्हणून खोलीतली गरम हवा बाहेर फेकायला झरोक्यात पंखा बसवला. तर बाबूजींनी त्याच्या तोंडावर पाणी गाळायचं कापड दुहेरी करून बांधलं. का, तर पात्यांत चिलटं सापडून जीवहत्या नको! तेव्हापासून पंखा नुसता बोंबलतो. आठ दिवस मी तेलच घालून राह्यलो. मिस्त्री आणला. फुकटचा खर्चा.

आज बायको म्हणाली, "अहो, कापडानं त्याला हवाच घेता येत न्हाई. नाक दाबलं तर माणूसही ओरडंल."

बराबर! मला कसं सुचलं न्हाई?

बाबूजी डोळे मिटून पडले होते. हळूच कापड काढलं. आवाज बिलकुल गेला, अन् ते दोन तास गाढ झोपले. उठायच्या आत पंखा बंद करून कापड होतं तसं बांधलं.

उठले ते खुशीतच. "पाह्यलंस? कापड आता नीट बसलं, त्यामुळंच आवाज गेला. उद्या अजून एक घडी लाव."

मी हो म्हणालो. पात्याला चिकटलेली तीन चिलटं ज्या बोटानं पुसली होती, ते बोट मुठीत दाबून.