ओनरचा मान

९ सप्टेंबर २००७
आज मान विनयकडे दिला. गावकीत पालखीचा मान पाळीपाळीने फिरतो, तसा आपल्या नेटवरच्या 'महाड-पोलादपूरकर' कम्युनिटीचा ओनरही दरवर्षी बदलायचा, हे नसीमचं आणि माझं पहिल्यापासून ठरलेलं. आधी मी, मग नसीम, आता तरुणांना. विनय पोलादपूरचा, नोकरी डोंबिवलीला, गडांचे फोटो छान काढतो, काकू काकू करतो. नसीम माझ्या नेट-झेरॉक्सच्या दुकानातच बसलेली, माउस तिच्याच हातात. बटण दाबलं आणि म्हणाली, "सुटलो गो मंगल. आता लोकांची भांडणं सोडवाय नको." चहा झाला. (यापुढे नुसतं कम्यु. लिहीन, हात दुखतो.)

१४ सप्टेंबर
उद्या गणपती, रमजानही लागतोय. झेरॉक्सला रांग, नेटला कुवेतवाल्यांच्या बायका. विनयने कम्यु.चा फोटो बदलला. सावित्रीचा पूल होता, आता तलवार. हे म्हणाले, पोरगं गडकिल्ल्यांचं वेडं आहे, तू कशाला कुरकुरतेस. बरं, नाही कुरकुरत.

१९ सप्टेंबर
मेल्याने नावच बदललं! काय ठेवलंय ते इथे लिहवत नाही. माणसं होती तशीच आत. झोपली आपल्या गावात, उठली त्यांच्या फौजेत. एसटीच्या वेळा, कुणाला रक्त हवंय, पुराचं पाणी कुठवर आलंय, सगळी पानं खालच्या खाली ढकलली, वर सगळं विष. नसीमला काढून टाकलं. मला ठेवलंय.

इक्बालच्या बेकरीचा फोटो लावलाय. खाली, 'हे दुकान ओळखा, इथून पाव घेऊ नका.' इक्बाल नसीमचा भाऊ. फोटो तिनेच टाकलेला, पुरानंतर भावाने दुकान पुन्हा उभं केलं ते कुवेतला नवऱ्याला दिसावं म्हणून. खाली वाहवा करणारी नावं सगळी ओळखीची. एक तर माझ्याकडेच टायपिंग शिकून गेलेली.

२० सप्टेंबर
विनयला फोन. घसा बसेपर्यंत ओरडले. तो शांत.
"काकू, तुम्ही आपल्या आहात. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही."
"अरे, मान दिला होता तुला!"
"तोच राखतोय ना, काकू."
फोन आपटला. रिसिव्हरला चीर गेली.

२२ सप्टेंबर
साइटवर तक्रारीचं बटण आहे. दुकानातल्या सगळ्या मशीनवरून दाबलं, गिऱ्हाइकांनाही दाबायला लावलं. उत्तर आलं इंग्रजीत. तपासलं म्हणे, नियमाविरुद्ध काही सापडलं नाही. कुणी तपासलं? त्याला मराठी येतं का? हे लोक मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरांत. 'दुकान ओळखा' ही त्याला बेकरीची जाहिरात वाटली असेल!

पुन्हा लिहिलं, मोडक्या इंग्रजीत. एक मराठी वाचणारं माणूस बसवा. आणि ओनर नि नाव बदललं की आतल्यांना एकदा विचारा, बाबांनो, राहायचंय का? एवढं साधं. उत्तर नाही. पोलीस चौकीत गेले तर साहेब विचारतात, ही साइट कुणाच्या हद्दीत येते? कप्पाळ माझं.

२६ सप्टेंबर
काल विसर्जन. इक्बालच्या दुकानावर दगड, पुढची काच गेली. कुणाला लागलं नाही. गल्लीतली रोजची माणसं आता वरच्या दुकानातून पाव आणतात, मान खाली घालून.

नसीम आली. रोजा, त्यामुळे चहा विचारायचाही प्रश्न नाही. बसलीही नाही.
"तुझा फोटू हाय अजून त्यांच्यात."
म्हटलं, मी बाहेर पडले तर आत काय शिजतंय ते कळणार कसं?
"आनि घरात काय सांगू मी? मंगल बघून येते म्हणून?"
गेली. मग रडले. शाळेपासूनची मैत्रीण आहे, तिच्याशिवाय या गावात माझं आहे कोण?

५ ऑक्टोबर
शुक्रवार. परवा आत वाचलं होतं, दासगाव फाट्यावर गाड्या घेऊन जमायचं, तिथून बेकरीकडे. तेव्हाच नसीमला कळवलं. इक्बालने आज दुकान उघडलंच नाही. आले, बंद फळ्यांपुढे घोषणा दिल्या, गेले. नसीमचा फोन आला, एकच वाक्य, "मंगल, आत ऱ्हा."

१० ऑक्टोबर
साइटने कम्यु. उडवली! नियमभंग झाला म्हणे, तक्रारीबद्दल आभार. दुकानात अक्षरशः नाचले, गिऱ्हाइकांना पेढे वाटले.

संध्याकाळी नवी तयार. तेच लोक, तोच विनय. फक्त आता दार बंद, विचारल्याशिवाय आत घेत नाहीत. आमचे पुराचे फोटो, रक्तगट, दोन वर्षांच्या गप्पा, सगळं कायमचं गेलं. त्यांचं काय गेलं? भाड्याची खोली बदलली, झालं. आणि आता आतलं काहीच दिसत नाही.

१२ ऑक्टोबर
ईद परवावर. इक्बाल विचारतोय, उद्या दुकान उघडू की नको? गिऱ्हाइकीचा सगळ्यात मोठा दिवस. त्याला काय सांगायचं?

दुपारी नसीम आली. दार लोटून दोघी मशीनपुढे बसलो. नव्या ठिकाणी शिरायचं तर आधी लिहून द्यायचं, आत का यायचंय आणि 'त्यांच्या'बद्दल काय वाटतं. नव्या नावाने आयडी उघडला. हात पुढे जाईना. म्हटलं, नसीम, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.
"लिव गो. माझा भाऊ हाय. तुझ्याबिगर आत कोन जानार?"

लिहिलं. एकदा सुरू केलं ते कुठे अडलं नाही, खोडायलाही लागलं नाही. चांगला परिच्छेद झाला. पाठवला.

नसीम खांद्यावरून वाचत होती. पाठवून झाल्यावरही स्क्रीनकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढं भरभर कसं सुचलं गो तुला?"

ओढणी सावरून ती उठली, दार ओढून घेऊन गेली. मंजुरी अजून आलेली नाही.